अण्णांचा पाट

“टेबल कधी मोकळं होणार आहे? मला ब्लाऊज बेतायचाय,” शालननं, माझ्या बायकोनं, तिसऱ्यांदा विचारलं.

“साडेचारला.”

“मग साडेचारपर्यंत मी काय हवेत कापड धरून कापू?”

समोर लॅपटॉपवर इंग्लंडमधल्या कुठल्याशा गावचं लिलावघर उघडं होतं. वस्तू क्रमांक दोनशे बारा. फोटोत एक जुनं मँडोलिन पालथं पडलेलं होतं. हल्लीची मँडोलिनं पाठीला चपटी असतात, हे जुन्या घडणीचं होतं, अर्ध्या भोपळ्यासारखं गोल पोट असलेलं. त्या पोटावर आडवी भेग गेलेली दिसत होती. फोटो अंधारात काढलेला होता, पण भेग दिसत होती, आणि मला तेवढी पुरे होती.

बोली पासष्ट पौंडांवर होती. मी सत्तर टाकले. दहा सेकंदांत कुणीतरी पंच्याहत्तर केले.

“हणमंत असणार,” मी म्हणालो.

शालन कापड बाजूला ठेवून माझ्या शेजारी येऊन बसली. “कोण, हणमंत कुंभार? त्यांच्याकडं बटणाचा फोन आहे अजून. मुलीचा फोन आला तरी शेजाऱ्याला उचलायला लावतात. ते इंग्लंडात बोली लावतायत होय?”

“कुणाकडून तरी लावून घेत असेल.”

“तुम्हाला ना, उद्या कुठं पाणी तुंबलं तरी त्यात हणमंतच दिसेल.”

ती म्हणाली ते खोटं नव्हतं. साताऱ्यात राहून गेली पस्तीस वर्षं मी त्या गल्लीतून गेलो नव्हतो. भाजीला जायचं तर मी वळसा घालून जायचो, कारण त्या गल्लीत आमचं दुकान होतं आणि त्यावर आता पाटी होती: ‘कै. अण्णा पांचाळ यांचे शिष्य हणमंत कुंभार. पेटी, सतार, व्हायोलिन दुरुस्ती.’ अण्णा माझे वडील. त्या पाटीवर त्यांच्या मुलाला कुठं जागा असायचं कारण नव्हतं. मुलगा पाटबंधारे खात्याच्या गोदामात पाइप आणि नटबोल्ट मोजत होता.

ऐंशी. पंच्याऐंशी. मी नव्वद टाकले. मला ते वाद्य वाजवायचं नव्हतं. मला मँडोलिन वाजवता येतच नाही. मला ती भेग हवी होती.

कारण ते वाद्य मी ओळखलं होतं. पुढच्या बाजूच्या फोटोत, तारांच्या खाली शिंपल्याचं फुलपाखरू बसवलेलं होतं. त्याचा एक पंख बाकीच्यांपेक्षा पांढरा होता आणि त्या पंखात दोन बारीक भोकं होती. लिलाववाल्यांनी खाली लिहिलं होतं की जुनी दुरुस्ती, मजेशीर. ती मजा अण्णांनी केलेली होती. मूळचा पंख पडून हरवला तेव्हा त्यांनी स्वतःच्या लग्नातल्या कोटाचं शिंपल्याचं बटण कापून तिथं बसवलं होतं. चार भोकांपैकी दोन पंखात आली. सगळ्या जगात असं फुलपाखरू एकच असणार. हे पाचगणीच्या एका शाळेत संगीत शिकवणाऱ्या मिस फ्लोरांचं मँडोलिन होतं. त्र्याऐंशी साली ते बसच्या टपावरून पडलं, पोट फुटलं, आणि पुन्हा आमच्या दुकानात आलं. ते दुरुस्त करून नेल्यावर वर्षभरात बाई इंग्लंडला भावाकडं गेल्या. त्याच मँडोलिननं मला दुकानातून उठवलं.

आणि आता त्याच्या पोटाला भेग पडली होती. म्हणजे ते पोट ज्यानं जोडलं होतं त्या हणमंतचं काम टिकलं नव्हतं.

मी एकशे दहा केले आणि समोरचा थांबला. पडद्यावर हिरव्या अक्षरांत माझा नंबर आला.

“मिळालं?” शालननं विचारलं.

“मिळालं.”

“मग तोंड असं का केलंय?”

मी हसत होतो, पण ते हसणं तिला बहुधा हसण्यासारखं वाटलं नसावं.

मँडोलिन यायला पाच आठवडे लागले. त्या पाच आठवड्यांत मी मनातल्या मनात हणमंतच्या दुकानात अनेकदा जाऊन आलो. मी आत शिरतो, मँडोलिन त्याच्यासमोर पालथं ठेवतो आणि काहीच बोलत नाही. भेगच बोलते. मग तो मान खाली घालतो. कधी कधी दुकानात गिऱ्हाईकंही असायची, एकदा तर मी पत्रकारही बसवला होता. अठ्ठावन्नाला टेकलेला माणूस होतो मी, तीन महिन्यांवर निवृत्ती आलेली, आणि ऑफिसात बसून हे खेळ करत होतो.

हणमंत आमच्याकडं आला तेव्हा मी चौदाचा होतो आणि तो सोळाचा. माणातल्या एका कोरड्या गावातून आलेला, बाप मडकी घडवायचा. पहिल्या दिवशी अण्णांनी त्याला लाकूड तासायची पटाशी धरायला दिली आणि म्हणाले, “ह्याच्या हातात माती हाय. हात बघतोय, नुसता दाबत न्हाई.” असं ते माझ्याबद्दल कधी म्हणाले नाहीत. मला ते ‘बघून कर’ एवढंच म्हणायचे. आई त्याला माझ्याआधी वाढायची, पोरगं परगावचं आहे म्हणून. तोही माझ्या वडलांना अण्णाच म्हणायला लागला, आणि ते त्याला ओ द्यायचे.

दुकानात खिडकीपाशी एक शिसवी पाट होता. उजेड तिथंच चांगला पडायचा. त्या पाटावर फक्त अण्णा बसायचे, आम्ही दोघं खाली पोत्यावर. पोत्यावरून पाटावर कोण जाणार हे कुणी बोलून दाखवत नव्हतं, पण दोघांच्या मनात दुसरं काही नव्हतं.

त्र्याऐंशी साली अण्णांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. तेव्हा आठ-आठ दिवस दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधून ठेवायचे. दुकानाच्या मागच्या खोलीत ते पडून होते. मिस फ्लोरांचं मँडोलिन तेव्हाच आलं. अण्णांनी ते मांडीवर घेऊन बोटांनी चाचपलं. गळ्याखालच्या बाजूच्या तीन फाका आत गेल्या होत्या. संत्र्याच्या फोडींसारख्या लाकडाच्या पातळ फाका जोडून ते पोट बनवलेलं असतं.

“भालू, हे तू कर,” अण्णा म्हणाले. “डोळं उघडलं तरी मला आता बारीक काम हुयाचं न्हाई. बघू तुझा हात. हे टिकलं, तर पाटावर तू.”

हणमंत दारात उभा होता. त्यानं ते ऐकलं.

असल्या पोटाच्या आतून कापडाच्या पट्ट्या सरसात भिजवून चिकटवतात, म्हणजे फाका एकमेकींना धरून राहतात. अण्णांचा दंडक होता की पट्ट्या जुन्या पांढऱ्या धोतराच्याच हव्यात. रंगीत कापडाचा रंग सरसात उतरतो आणि सरस धरत नाही, असं ते म्हणायचे. दुसरा दंडक असा की ज्यानं काम केलं त्यानं तबली लावायची नाही. तबली म्हणजे वाद्याची वरची फळी. आतलं काम दुसऱ्या डोळ्यांनी तपासायचं, आणि त्या दुसऱ्यानं तबली लावून बंद करायची. तपासून झाल्यावर काम करणाऱ्यानं फक्त तबलीच्या आतल्या अंगाला पेन्सिलनं आपलं नाव घालायचं.

मी चार दिवस काम केलं. फाका बसल्या, पण ते धोतर पातळ होतं, खोल पोटात ताणलं की वीण उसवायची. आईला जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. ट्रंकेत तिचं एक हिरवट लुगडं होतं, काठाला पिवळी बारीक रेघ असलेलं. काठाची वीण घट्ट असते. मी तो काठ फाडला, पाण्यात तीनदा उकळून सुटेल तेवढा रंग काढला आणि त्याच्या पट्ट्या लावल्या. दंडक मोडला हे मला ठाऊक होतं. काम बघून अण्णा माफ करतील असं वाटलं होतं.

अण्णांच्या डोळ्यांना पट्टी, म्हणून दुसरे डोळे हणमंतचे. मी संध्याकाळी मँडोलिन उघडं ठेवून गेलो. दुसऱ्या दिवशी दुपारी आलो तर तबली लागलेली होती आणि हणमंत अण्णांच्या उशाशी बसला होता.

“पट्ट्या निघत हुत्या, अण्णा,” तो म्हणाला. “लुगड्याच्या हुत्या. सगळ्या काढल्या आन् रात्रीत धोतराच्या लावल्या. आता बसलंय.”

“लुगडं लावलंस, भालू?” अण्णांनी पट्टी बांधलेलं तोंड माझ्याकडं वळवलं.

“हो.”

“आईचं?”

“हो.”

त्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. मग म्हणाले, “हणमंता, पाटावर तू बस.”

मी त्याच महिन्यात पाटबंधारे खात्यात अर्ज केला. अण्णा आणखी आठ वर्षं होते. कधी त्या मँडोलिनचा विषय काढला नाही, मीही काढला नाही.

खोकं आलं त्या दिवशी शालननं कात्रीनं ते उघडलं. कागदाच्या कपट्यांतून मी मँडोलिन बाहेर काढलं, पालथं केलं, आणि खिडकीशी नेलं.

भेग दुसऱ्या बाजूला होती.

फोटो अंधारात होता, आणि मला जे बघायचं होतं तेच मी बघितलं होतं. भेग खालच्या टोकाला होती, डावीकडं, अगदी ताजी, कुणाच्या तरी हातून पडल्याची. गळ्याखालची जुनी जागा शाबूत होती. मी चष्मा लावून बघितली. तीन फाकांचे जोड केसासारखे बारीक होते. बोट फिरवलं तर बोटाला लागत नव्हते. छत्तीस वर्षं, इंग्लंडची थंडी, कुणाकुणाची माळ्यावरची अडगळ, आणि एक जोड सरकलेला नाही.

मी आजवर कुणाचा इतका हेवा केला नसेल जितका त्या दुपारी त्या जोडांचा केला. इतकं सुंदर काम माझ्या हातून झालं असतं तर, असं सारखं मनात येत राहिलं. अण्णांनी बरोबर माणूस निवडला होता. एकशे दहा पौंड आणि वर जहाजाचं भाडं देऊन मी ते सिद्ध करून घेतलं होतं.

तारांखालच्या मोठ्या भोकातून टॉर्च मारून बघितलं, पण ती जागा गळ्याखालच्या काखेत येते, सरळ दिसत नाही.

“आता?” शालननं विचारलं.

“विकून टाकतो.”

“फुटकं? त्यापेक्षा हणमंतांकडून नीट करून घ्या. त्यांचंच काम आहे ना ते.” मग जरा थांबून म्हणाली, “आणि एकदा काय ते बोलून या. पस्तीस वर्षं भाजीला लांबून जाताय. चपला झिजतात.”

मी आठवडाभर गेलो नाही. मग एका मंगळवारी सकाळी गेलो.

दुकान होतं तसंच होतं. आतला सरसाचा वास तर इतका तोच होता की मला उंबऱ्यातच थांबावं लागलं. हणमंत पाटावर बसून पेटीचा भाता शिवत होता. केस सगळे पांढरे, अंगानं सुकलेला. बायको तीन वर्षांपूर्वी गेल्याचं मी ऐकलं होतं आणि भेटायला गेलो नव्हतो.

“आलास व्हय,” तो म्हणाला. जणू मी कालच येऊन गेलो होतो.

मी पिशवीतून मँडोलिन काढलं आणि त्याच्यासमोर ठेवलं. सुलटं ठेवलं. त्यानं फुलपाखरू बघितलं, ती दोन भोकं बघितली, आणि त्याच्या हातातली सुई तशीच राहिली.

“कुठं गावलं?”

“इंग्लंडात. लिलावात.”

“कशापायी घेतलंस?”

खरं सांगायची हिंमत नव्हती. “खालच्या टोकाला फुटलंय,” मी म्हणालो. “करशील?”

त्यानं ते पालथं केलं. नव्या भेगेकडं त्यानं बघितलंही नाही. अंगठा सरळ गळ्याखाली गेला, त्या तीन जोडांवर, आणि तिथंच थांबला.

“भायेरनं बसवून देतो,” तो म्हणाला. “शनवारी ने.”

“बाहेरून कसं बसेल? उघडायला लागेल.”

“न्हाई लागत.”

“हणमंत, फाक मोडलीय. आतून पट्टी लावल्याशिवाय ती धरणार नाही, हे मला गोदामात बसूनही कळतं.”

“मी म्हणतोय न्हवं, न्हाई उघडायचं.”

मला वाटलं, याला आपल्या कामाला कुणी हात लावलेला नको आहे. एवढा अभिमान. माझं डोकं फिरलं. “माझं वाद्य आहे,” मी म्हणालो. “माझ्यासमोर उघड. मला बघायचंय तू काय केलं होतंस. अण्णांनी मला उठवलं ते काय बघून उठवलं, ते एकदा मला बघू दे.”

हणमंतनं भाता बाजूला ठेवला, गुडघ्यावर हात टेकून उठला आणि मागच्या फळीवरून एक सुरी काढून आणली. पातळ पात्याची, मुठीला सुतळी गुंडाळलेली. अण्णांची.

“माझ्यानं न्हाई हुयाचं,” तो म्हणाला. “तू उघड.”

“मी कशाला?”

“बस पाटावर. उजेड तितं हाय.”

मी त्या पाटावर आयुष्यात पहिल्यांदा बसलो. मध्ये जरासा खोलगट झाला होता, आधी अण्णांच्या आणि मग त्याच्या बसण्यानं. सुरी शेगडीवर तापवायची, तबलीच्या कडेत घालायची, सरस मऊ झाला की बोटभर सरकवायची, पुन्हा तापवायची. हाताला सगळं आठवत होतं, फक्त वेग नव्हता. दीड तास गेला. हणमंत समोर पोत्यावर बसून होता, आमच्या जुन्या जागेवर. मध्येच त्यानं चहा मागवला आणि तो दोघांनीही प्यायला नाही.

तबली सुटली. मी ती उलटी करून बाजूला ठेवली. आतल्या अंगाला पेन्सिलनं लिहिलेलं होतं: ‘ह. कुंभार, १९८३’. मग मी मँडोलिन खिडकीकडं तिरकं करून गळ्याखाली बघितलं.

पट्ट्या हिरवट होत्या. काठाला पिवळी बारीक रेघ होती.

मी नख लावून बघितलं. एकही पट्टी हलली नाही. कोपरा उचलला नाही, सुरकुती नाही. पुन्हा बघितलं. आईच्या लुगड्याचा काठ होता, मी फाडलेला, मी उकळलेला, तीन फाकांना धरून बसला होता.

“तू काही काढलंच नव्हतंस,” मी म्हणालो.

“न्हाई.”

“धोतराच्या पट्ट्या?”

“कुठल्या? धोतर सुदिक फाडलं न्हवतं मी.” तो खाली बघत बोलत होता. “आत हात घातला, नख लावलं. न्हाई सुटलं. दुसऱ्या कोपऱ्याला लावलं. मला सुटायला पायजे हुतं, भालू. सगळी रात मी त्याच्याकडं बघत बसलो. माझ्या हातनं असलं काम त्या वक्ताला झालं नसतं. आन् तू अण्णांचा ल्योक. काम बी तुझं, दुकान बी तुझं. मी परत जाऊन मडकी थापायची व्हय?”

“म्हणून खोटं बोललास.”

“व्हय.”

“आणि मी मानलं.”

“त्येच तर मला आजपातुर कळलं न्हाई.” त्यानं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. “मिस बाई आठ दिसांनी न्यायला आल्या. आठ दिस ते हितंच फळीवर हुतं. मी वाट बघत हुतो, आज भालू आरसा मागंल, उद्या मागंल. भोकातनं एक आरसा घातला असतास तर तुला दिसलं असतं. तू मागितलाच न्हाईस.”

खरं होतं. मला तो आरसा सुचलाच नव्हता. हणमंतचं काम माझ्यापेक्षा चांगलं असणार, हे त्यानं सांगायच्या आधीच मी धरून चाललो होतो. अण्णांना ‘एकदा उघडून बघा’ म्हणायचं धाडसही मला झालं नव्हतं, कारण उघडल्यावर आत त्याच्या सुबक पांढऱ्या पट्ट्या बघायला लागल्या असत्या.

“अण्णांना सांगितलंस?”

“न्हाई. दोनदा तोंडापातुर आलं. एकदा दवाखान्यात. पन मग पाट सोडाय लागला असता.”

अण्णा ते न कळता गेले. मला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. मला राग आला होता, पण तो कुणावर काढावा हे कळत नव्हतं. समोर पोत्यावर एक थकलेला म्हातारा बसला होता, ज्याचा मी छत्तीस वर्षं हेवा केला. आणि तो त्याच वेळात माझा करत होता, तेही आमच्याच पाटावर बसून.

हणमंतनं तबली मांडीवर घेतली. काचेचा एक तुकडा घेऊन त्यानं स्वतःचं नाव खरवडलं. लाकडाची भुकटी उडाली. मग कानावरची पेन्सिल काढून माझ्यापुढं धरली.

“घाल नाव.”

“आत्ता नाही,” मी म्हणालो. “आधी ही नवी भेग मी भरणार. मग घालीन.”

“तू?”

“मी.”

मी पेन्सिल घेतली आणि कानावर अडकवली.

पुढं चार दिवस मी ऑफिसातून रजा टाकली आणि सकाळी नऊला दुकानात गेलो. गल्लीतून सरळ गेलो. शालननं डबा दिला, दोघांपुरता. हणमंतनं पाट मला सोडला होता आणि स्वतः पोत्यावर बसून भाते शिवत होता. माझ्याकडं बघायचा नाही, निदान मी बघत असताना तरी. पहिल्या दिवशी मी मोडकी फाक साफ केली. दुसऱ्या दिवशी ती जागेवर आणून बांधली, सोडली, परत बांधली. हातात सारखं काहीतरी अडत होतं. बोटं जाड झाली होती, गोदामाची. सरसाची वेळ चुकत होती, पट्टी उचलून आत नेईपर्यंत तो गार व्हायला लागायचा. पण मी मनाशी म्हणत होतो, ज्या हातांनी ते केलं तेच हे हात आहेत. मध्येमध्ये त्या हिरव्या काठाकडं बघायचो आणि जोर यायचा. सांगायला लाज वाटते, पण त्या चार दिवसांत मी जितका खूश होतो तितका लग्नातही नसेन. मनात मी पाटीवरची अक्षरंसुद्धा बदलून टाकली होती.

चौथ्या दिवशी सकाळी पट्ट्या सुकल्या होत्या. मी तबली हातात घेतली आणि थांबलो. दंडक होता.

“हणमंत,” मी म्हणालो, “बघ जरा.”

तो उठून आला. मँडोलिन त्यानं खिडकीकडं तिरकं केलं, एक डोळा मिटला, मग बोट आत घातलं. बोट एकेका पट्टीवरून सावकाश गेलं. एका जागी थांबलं, मागं आलं, परत थांबलं. मी त्याच्या तोंडाकडं बघत होतो. छत्तीस वर्षांपूर्वी तो हेच करताना कसा दिसत असेल, ते मला आता दिसत होतं.

त्यानं बोट बाहेर काढलं.

“निघतीय, भालू,” तो म्हणाला. “मधल्या दोन. सरस गार झाला हुता.”

माझ्या अंगाला आग लागली. परत तेच. परत हाच माणूस, हेच शब्द. मी त्याच्या हातातून मँडोलिन ओढून घेतलं. या वेळी मी आरशाची वाट बघणार नव्हतो. मी आत हात घातला आणि मधल्या पट्टीच्या कोपऱ्याला नख लावलं.

पट्टी सुटून माझ्या बोटावर आली. तिच्या शेजारचीही आली. बाजूला आईचा काठ होता, तसाच बसलेला.

हणमंत खरं बोलत होता.

“हुतंय असं,” तो हळू म्हणाला. “लय दिसांनी हात लागलाय. बस तितंच, परत लाव. मी सरस तापवून देतो.”

मी कानावरची पेन्सिल काढून खिडकीत ठेवली आणि उठलो. उठताना गुडघा दुखला, म्हणून त्याच्या खांद्याचा आधार घेतला.

“हणमंता,” मी म्हणालो, “पाटावर तू बस.”